जळगावातलं पेड करिअर कौन्सेलिंग, संस्कृतवाल्या पोरीसाठी कितपत कामाचं?

रेटिंग आधीच देतो म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. ५ पैकी अडीच. अडीच का आणि उरलेले अडीच का कापले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे संस्कृत, पाली, अर्धमागधी असले विषय घेऊन बीए करणारी पोरं कमी असली तरी आहेत, आणि त्यांच्या घरचे दर एप्रिल-मेमध्ये असल्या ऑफिसांच्या पायऱ्या चढून राहिले आहेत. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माणसं वाईट नाहीत, आणि ही अडचण एकट्या त्यांची नाही असं मला वाटतं.

माझी धाकटी बहीण टीवायबीएला, विषय संस्कृत. आम्ही मूळचे पाचोऱ्याकडचे, आता जळगावला. पप्पा एसटीतून रिटायर झाले. पोरगी हुशार, पण घरात रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तोच विषय, पुढे काय. आजी तर तोंडावरच विचारते, "संस्कृत शिकीसन काय करशी वं माय?" आणि आजीचा प्रश्न खोटा नाहीच ना. मी स्वतः संस्कृत एमए, बीएड, वय ३४, एका खाजगी सीबीएसई शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतो, म्हणजे मला थोडंफार माहीत आहे, पण घरच्या माणसाचं घरात कोण ऐकतं, म्हणून पप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सुचवलेल्या या कौन्सेलिंगला गेलो. फी ४५०० रुपये, दोन बैठका आणि एक रिपोर्ट.

जागा रिंग रोडच्या बाजूला, मेडिकलच्या वर पहिला मजला. पहिली बैठक म्हणजे कॉम्प्युटरवर दीड तासाची टेस्ट, आवड, कल, स्वभाव, आकडेमोड वगैरे. टेस्ट मराठीतून देता येते हे मला खूप आवडलं, कारण मराठी मीडियमच्या पोरांचे अर्धे मार्क इंग्रजी प्रश्न समजण्यातच जातात. स्टाफ चांगला. वेळेत बोलावलं, वेळेत सोडलं. दुसऱ्या बैठकीत कौन्सेलर सर पप्पांशी न बोलता आधी बहिणीशी बोलले, वीस मिनिटं, आम्हाला बाहेर बसवून. आणि नंतर आईने मधेच स्थळांचा विषय काढला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की ताई, तो विषय तुम्ही घरी बोला, आज आपण पोरीच्या शिक्षणाचं बोलायला बसलोय. त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे, आईने त्यानंतर खरंच महिनाभर तो विषय काढला नाही. अडीचमधले दीड मार्क तर या एका गोष्टीचे.

आता रिपोर्ट. ३२ पानं, रंगीत, गुळगुळीत कागद. पान ११ वर बहिणीला सुचवलेली क्षेत्रं होती आणि त्यात तिच्या विषयाचं नाव "क्लासिक्स" असं छापलेलं. खाली यादी, वकील, सरकारी अधिकारी, पत्रकार, प्रकाशन संस्था, म्युझियम क्युरेटर, आर्काइव्हिस्ट, आयटी. पप्पा खूश झाले, एवढ्या वाटा! मी सरांना विचारलं की सर हे क्लासिक्स म्हणजे नेमकं काय, तर ते म्हणाले संस्कृतसारख्या प्राचीन भाषा. अर्धंच बरोबर आहे ते. हे सॉफ्टवेअर बाहेरच्या देशातलं, आणि तिकडे क्लासिक्स म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. ऑक्सफर्डला त्याची चार वर्षांची डिग्री आहे, होमरपासून प्लेटोपर्यंत मूळ भाषेतून वाचतात, तत्त्वज्ञान आणि प्राचीन इतिहास जोडीला असतो. ती पोरं पुढे वकिलीत, बँकेत, सरकारी नोकरीत जातात हे खरंच आहे, पण त्याचं कारण असं की इंग्लंडमध्ये पुष्कळशा कंपन्या आणि सरकारी भरत्या कुठल्याही विषयाची चांगली डिग्री चालवून घेतात, विषय काय होता यापेक्षा किती कठीण होता आणि कुठे केला ते बघतात. आपल्याकडे एखाद्या कंपनीच्या एचआरला बीए संस्कृत म्हटलं की पुढचा प्रश्न काय असतो ते आपल्याला माहीत आहे. तिकडची यादी इथे छापून पोरीच्या हातात दिली तर ती यादी खोटी नसते पण तिच्या कामाची पण नसते. कौन्सेलरने ती इथली करून द्यायला पाहिजे, पैसे त्याचेच आहेत.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आता सांगतो. सरांनी बहिणीला विचारलं, तुला शिकताना सगळ्यात जास्त मजा कधी आली. ती म्हणाली, पाटणादेवीच्या शिलालेखासमोर. सेकंड इयरला कॉलेजची सहल गेली होती चाळीसगावला, पाटणादेवी. तिथे भवानीच्या देवळात तो लेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्याने दान दिलं, शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचं. भाऊ दाजी लाडांनी १८६५ साली तो उजेडात आणला. त्याचा बराचसा भाग संस्कृत आणि शेवट चक्क जुन्या मराठीत आहे, आणि ही पोरगी तिथे दगडावर बोट न लावता हवेतच अक्षरं गिरवत अर्धा तास उभी होती, बस सुटायची वेळ झाली तरी. हे सगळं तिने सरांना सांगितलं, एवढं मोकळं ती घरी पण बोलत नाही. सरांनी ऐकलं, मान हलवली आणि कागदावर लिहिलं, "इतिहासाची आवड, शिक्षक." आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. तिचा चेहरा मी बघितला, उतरला नाही पण बंद झाला. शिलालेख वाचणं हा एक वेगळा धंदा आहे, त्याला पुराभिलेखविद्या म्हणतात, त्याची सरकारी नोकरी असते, हे त्या क्षणी कोणीतरी बोलायला पाहिजे होतं आणि ते सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मीही गप्प बसलो, ज्याला पैसे दिलेत त्याला बोलू द्यावं म्हणून. ते मी करायला नको होतं.

सरांचा सल्ला शेवटी दोन वाक्यांत आटोपला. बीएड कर नाहीतर स्पर्धा परीक्षा कर, संस्कृतला पुढे स्कोप नाही. बरं, बीएड कर म्हटलं तर त्याचं तरी पूर्ण सांगा ना. बीएडची सीईटी असते, कोर्स दोन वर्षांचा, मग अनुदानित शाळेत लागायचं तर टेट (TAIT) ही शिक्षक अभियोग्यता परीक्षा, २०० प्रश्न २०० मार्क, आणि मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. ही परीक्षा दरवर्षी होत नाही, पहिली २०१७ च्या डिसेंबरला झाली आणि दुसरी थेट २०२३ ला, म्हणजे मधे पाच वर्षं माझ्यासारखे नुसते वाट बघत बसले. आपल्या बोर्डात संस्कृत १०० मार्कांचं पूर्ण किंवा हिंदीसोबत ५० चं संयुक्त, त्यामुळे एका शाळेत संस्कृतचे तास किती निघतात आणि त्यावर पूर्ण पद बसतं का हा खरा प्रश्न आहे, बऱ्याच ठिकाणी संस्कृतवाल्याने मराठी-हिंदी पण शिकवावी अशीच अपेक्षा असते, म्हणून बीएडला दुसरी मेथड, म्हणजे शिकवायचा दुसरा विषय, कोणती घ्यायची याचा निर्णय फार मोठा. केंद्रीय विद्यालयाची वाट वेगळी, टीजीटी म्हणजे पदवीधर शिक्षकाचं पद, त्याला पदवीला संस्कृत विषय, बीएड आणि सीटेट ही केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा लागते, मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो, पण बदली देशात कुठेही. भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे, म्हणजे आपल्या दाराशी ही नोकरी दिसते तरी, पण पोरींना आणि त्यांच्या आईबापांना आसाम किंवा ओडिशाला जायची तयारी ठेवावी लागेल हे आधी सांगायला हवं. मी स्वतः खाजगी शाळेत १८ हजारांवर आहे, शिकवण्या नसत्या तर घर चाललं नसतं, आणि शिकवण्या मिळतात कारण दहावीला संस्कृतात मार्क पडतात. हेही खरं आहे आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही, गावातली साठ-सत्तर पोरं माझ्याकडून शब्दरूपं नीट शिकून गेलीत.

नेटचं, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेचं, तर नाव पण निघालं नाही त्या बैठकीत. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझं नुकसान इथेच झालंय. एमए झाल्यावर मला कोणी सांगितलं नाही की नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपला वयाची अट असते. ३० वर्षं. मी आधी बीएड, मग नोकरी, मग निवांत नेट असं केलं आणि ३१ व्या वर्षी पास झालो, फक्त असिस्टंट प्रोफेसरसाठी पात्र. माझ्या कॅटेगरीत सूट नाही. जेआरएफ म्हणजे पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये, २०२३ पासूनचा दर आहे हा. तेवढे पैसे मिळाले असते तर मी आज पुण्यात थिसिस लिहीत असतो, हे मी रडगाणं म्हणून नाही सांगत, हे असंच घडलं असतं. बहिणीला मात्र मुलगी म्हणून ५ वर्षांची सूट आहे, म्हणजे ३५ पर्यंत. ओबीसी नॉन क्रिमीलेयर, एससी, एसटी, दिव्यांग यांनाही आहे. परीक्षा साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षाला दोनदा, दोन पेपर मिळून १५० प्रश्न ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. संस्कृतचे कोड दोन आहेत, २५ हा नेहमीचा आणि ७३ हा शास्त्री-आचार्यवाल्यांचा पारंपरिक, चुकून ७३ भरला तर समोर वेगळाच पेपर येतो. एमएला ओपनला ५५ टक्के पाहिजेत. नेटसारखीच महाराष्ट्र-गोव्यापुरती परीक्षा म्हणजे सेट, ती पुणे विद्यापीठ घेतं आणि जळगावला सेंटर असतं, पुण्याला जायची गरज नाही. पान ११ वर हे चार ओळींत बसलं असतं.

आणि प्राध्यापकीचं दुसरं टोक पण सांगायला हवं होतं. नेट झालं की प्राध्यापक झालो असं होत नाही. पोरं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवून राहिली आहेत, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि ते पण उशिरा. माझे दोन वर्गमित्र असेच आहेत, एक धुळ्याकडे, एक नंदुरबारकडे, सकाळी एका कॉलेजला आणि दुपारी दुसऱ्या गावाला, एसटीच्या पासवर आयुष्य. नवीन धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षाला भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आल्यापासून संस्कृतवाल्यांना थोडी विचारणा वाढली आहे, पण विचारणा म्हणजे पद नाही. हे माहीत असून ज्याला जायचंय त्याने जरूर जावं, मी अडवणार नाही, मला स्वतःला अजून जावंसं वाटतं.

आता शिलालेखाची वाट, जी बहिणीला त्या दिवशी मिळायला पाहिजे होती. ही मी नंतर तिच्यासोबत दोन रात्री बसून काढली. आर्किऑलॉजिकल सर्व्हे म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, त्यांची एपिग्राफी म्हणजे शिलालेख वाचणारी शाखा आहे, संस्कृत आणि द्राविडी लेखांचं मुख्य ऑफिस म्हैसूरला आणि अरबी-फारसीचं आपल्या नागपूरला. तिथल्या वरच्या पदांची भरती यूपीएससीमार्फत निघते, जागा अगदी थोड्या. ग्रेटर नोएडाला त्यांची पुरातत्त्व संस्था आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची, दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा, आणि त्याला इतिहास-पुरातत्त्ववाल्यांसोबत संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसी एमए झालेल्यांनाही अर्ज करता येतो. मला हे ३२ व्या वर्षी कळलं. पुण्याला डेक्कन कॉलेज, १८२१ पासूनचं, तिथे पुरातत्त्व पण आहे, भाषाशास्त्र पण आहे आणि संस्कृत कोशशास्त्र पण. तिथला संस्कृतचा महाकोश १९४८ ला सुरू झाला, पहिला खंड यायला १९७६ उजाडलं आणि काम अजून चालू आहे, म्हणजे शब्दावर शब्द ठेवत पिढ्या गेल्यात. ज्याला असलं काम आवडतं त्याला दुसऱ्या कुठल्या नोकरीत चैन पडायचं नाही.

आणि लिपी. संस्कृत येतं पण ब्राह्मी येत नाही असा माणूस शिलालेखासमोर निरक्षरच. पाटणादेवीच्याच जंगलपट्ट्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, तिथल्या खांबांवर ब्राह्मीत, प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात पैठणचा एक गांधिक म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी आहे, मितदेव नावाचा. आणि गंमत बघा, याच पैठणचं नाव ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या प्रवासग्रंथात येतं, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. म्हणजे भडोच ते पैठण माल आणणाऱ्या गाड्या आपल्या खानदेशाच्या अंगावरूनच गेल्या असणार. त्या रिपोर्टातला क्लासिक्स शब्द मला परका वाटला होता, पण बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दादा मग प्राकृतसोबत थोडं ग्रीक शिकलं तर दोन्ही बाजूंनी वाचता येईल ना. येईल. ऑक्सफर्डला शाळेत ग्रीक-लॅटिन न शिकलेल्या पोरांनाही क्लासिक्सला घेतात आणि भाषा पहिल्यापासून शिकवतात, आणि तिथली संस्कृतची बोडेन प्रोफेसरशिप १८३२ पासूनची आहे. हायडेलबर्ग, हॅम्बुर्गकडे भारतविद्या शिकवतात, त्यासाठी जर्मन शिकलेलं फायद्याचं. ही फार लांबची वाट आहे आणि आमच्या घरच्या खर्चात सध्या बसत नाही, पण पोरीला ती माहीत असावी.

मोडीचं वेगळं सांगतो कारण ते लगेच कामाचं आहे. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली, जुने दप्तर उघडले तर वाचायला कोणी नाही. जमिनीचे कागद, जात पडताळणीचे जुने दाखले, घरच्या वाटण्या, सगळं मोडीत. राज्याचं पुराभिलेख खातं, म्हणजे जुनी दप्तरं सांभाळणारं, मोडीचे थोड्या दिवसांचे वर्ग घेतं. संस्कृतवाल्याला देवनागरीचं वळण आणि जुन्या शब्दांची सवय असते, तीन-चार महिने रोज बसलं तर हात बसतो. माझ्या शिकवणीतल्या एका पोराच्या वडिलांनी आजोबांचा एकच कागद वाचून घेण्यासाठी नाशिकपर्यंत चकरा मारल्या. पूर्ण पगाराची नोकरी नाही ही, पण स्वतःच्या हुनरावर मिळणारे पैसे आहेत.

म्हणून मी बहिणीला घेऊन धुळ्याला गेलो, राजवाडे संशोधन मंडळात. इतिहासाचार्य राजवाडे गेले ते धुळ्यातच, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेले कागद सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. जळगावहून सकाळची एसटी, दुपारी शेवभाजी-भाकरी, संध्याकाळी घरी. खर्च दोघांचा हजाराच्या आत. तिने पहिल्यांदा जुन्या पोथ्या आणि बाड समोर बघितले, कपड्यात बांधलेले, आणि मला म्हणाली हे सगळं कोणी वाचलंय का. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर पण आहे, समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं तिथे आहेत, त्या दिवशी वेळ पुरला नाही. अमळनेरला १९१६ ला प्रताप शेठजींनी काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे, एके काळी देशभरातून माणसं तिथे वेदान्त शिकायला येऊन राहायची. आपल्याकडे काही नाही, पुण्यालाच सगळं आहे, असं म्हणत आम्ही मोठे झालो. २०२५ च्या बजेटमध्ये एक कोटी हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी आणि जतन करायची घोषणा झाली आहे, त्या कामाला शेवटी पोथी उघडून कोणत्या ग्रंथाची आहे हे ओळखणारी माणसंच लागणार. कौन्सेलिंगच्या दोन बैठकांपेक्षा या एका फेरीत पोरीला जास्त कळलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाकीच्या वाटा पटपट सांगतो. आयुर्वेद कॉलेजांत बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला संस्कृत शिकवतात, तिथे संस्कृतचा शिक्षक लागतो, जळगाव-धुळ्याकडे ही कॉलेजं आहेत, चौकशी करा. तीन वर्षांची एलएलबी कुठल्याही पदवीवर करता येते, सीईटी देऊन, म्हणजे रिपोर्टातला "वकील" हा शब्द इथे खरंच लागू पडत होता आणि सरांनी नेमका तोच सोडून दिला. भारतरत्न पां. वा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करायचे आणि धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहायचे, हे उदाहरण पप्पांना सांगितल्यावर ते एकदम सरळ बसले. यूपीएससीला संस्कृत साहित्य हा ऑप्शनल ५०० मार्कांचा आहे, पण काही उत्तरं संस्कृतातूनच लिहावी लागतात. पाली यादीतून २०१३ ला काढलं. सैन्यात पंडित म्हणून धर्मगुरूची भरती होते, नायब सुभेदार हुद्द्यावर, मुलांसाठी. आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या १९७४ पासून आहेत. कॉम्प्युटरची आवड असेल तर हैदराबाद विद्यापीठाचा संस्कृत विभाग बघा, तिथे पाणिनीच्या व्याकरणावरून भाषांतराची साधनं करतात. ग्रंथपालाची पदवी मुक्त विद्यापीठातून नोकरी करत करता येते. आणि पाली-प्राकृतवाल्यांनी लक्षात ठेवा, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसोबत पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळालाय, आपल्याकडे जैन समाज मोठा आहे, अर्धमागधी शिकवणाऱ्या माणसाला घरगुती शिकवण्या मिळतात असा माझा अनुभव आहे.

एमए कुठून करायचं यावर पण सर फक्त "पुणे महाग पडेल" एवढंच म्हणाले. महाग पडतंच, खोली, मेस, प्रवास. पण रामटेकला १९९७ पासून कालिदासांच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. पुण्यात राहायचं ते नुसत्या डिग्रीसाठी नाही, भांडारकर संस्था तिथे आहे म्हणून, १९१७ ची, महाभारताची चिकित्सक आवृत्ती जिथे झाली. लायब्ररीत बसायला मिळणं हेच निम्मं शिक्षण. आमचा हिशोब असा झाला की पप्पांची फंडाची रक्कम आणि माझ्या शिकवण्या मिळून दोन वर्षं कशीबशी निघतात, तिसरं वर्ष निघत नाही, म्हणजे एमए संपता संपता तिला नेट द्यावीच लागणार. शेवटच्या वर्षाला असताना नेट देता येते. हा असा हिशोब, वर्षं, पैसे, परीक्षेची तारीख, एका कागदावर मांडून द्यायला कौन्सेलर हवा होता.

आणखी एक खटकलं, शेवटी त्यांनी स्पर्धा परीक्षेच्या एका बॅचचं माहितीपत्रक दिलं, १८ हजारांची सवलत-फी, आठ दिवसांत भरली तर. सल्ला आणि विक्री एकाच टेबलावर नको. मी तसं त्यांना तिथेच बोललो, रागाने नाही, सरळ.

घरी येऊन मी त्यांना मोठा मेसेज लिहिला, वरचं बरंचसं त्यात होतं. चार दिवसांनी सरांचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, तुमचं बरोबर आहे, वर्षाला संस्कृतची दोन-तीन पोरं येतात त्यामुळे आम्ही खोलात गेलोच नाही, तुमची यादी पाठवाल का. मी नेट-सेटचे नियम, नोएडाच्या डिप्लोम्याची अट, म्हैसूर, मोडीचे वर्ग, सगळं टाईप करून पाठवलं. पैसे परत मागितले नाहीत. त्यांनी बहिणीला एक फ्री बैठक देऊ केली, ती गेली आणि त्या वेळी म्हणे त्यांनी शिलालेखाचं पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं. त्यासाठी मी आधीच्या दोनाचे अडीच केले.

बहिणीने डेक्कन कॉलेज आणि रामटेक दोन्हीकडचे फॉर्म भरायचं ठरवलंय, आणि सध्या रोज रात्री जेवण झाल्यावर ब्राह्मीची बाराखडी वहीत काढून राहिली आहे. आजीला तिने आजीचं नाव ब्राह्मीत लिहून दिलं, ते आजीने देव्हाऱ्यात ठेवलंय.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी ११ ची वेळ घ्या, दुपारनंतर खाली गाडी लावायला जागा नसते. तिन्ही वर्षांच्या मार्कशीटच्या झेरॉक्स न्या, त्या मागतात. टेस्ट मराठीतून पाहिजे हे फोनवरच सांगून ठेवा. आणि पोराला किंवा पोरीला नेमकं काय आवडतं ते एका कागदावर आधीच लिहून न्या, सरांनी दुसरंच काही लिहिलं तर लगेच थांबवा.